माल्ट म्हणजे काय?

माझ्या नवऱ्याला हे ठाऊक नाही. ज्या फादरांसमोर वर्षानुवर्षं गुडघे टेकून मी पापनिवेदन केलं, त्यांनाही नाही. तिथे मी रागाबद्दल सांगितलं, आळसाबद्दल सांगितलं, मिस्सा चुकल्याचं सांगितलं — आणि हे एवढं एक दर वेळी जिभेखाली ठेवून घरी आले. विसरत होते म्हणून नव्हे. मला ते नेहमी आठवायचं.

फिलू गेली. तिच्या महिन्याची मिस्सा गेल्या रविवारी झाली. फिलू म्हणजे फिलोमिना, माझी धाकटी जाऊ. मी तिच्यासाठी रडले, आणि ते रडणं खरं होतं. शेजारणींनी माझा हात धरून म्हटलं, सख्ख्या बहिणीसारख्या होतात तुम्ही दोघी. मी मान हलवली. काय सांगणार होते?

तुम्ही मला ओळखत नाही, हे बरं आहे. ओळखणारी माणसं मला ‘टीचर’ म्हणतात, आणि ती हाक मला आवडते. या गोष्टीचं मूळ तिथेच आहे.

बाहत्तर-त्र्याहत्तरच्या सुमाराची गोष्ट. वसईतल्या आमच्या आळीत तेव्हा बाटलीतल्या पुडींचं नवं कौतुक होतं. ज्यांची माणसं मुंबईला कामाला जात, त्यांच्या घरी अशी एखादी बाटली यायची. दुधात घालायची चॉकलेटी पूड, पाण्यात घालायची केशरी पूड, तापातून उठलेल्याला द्यायची पांढरी ग्लुकोजची पूड. वरचं सगळं इंग्रजीत. मग बाया बाटली पदराखाली धरून माझ्याकडे येत. मी शाळेत शिकवत होते, इंग्रजी वाचत होते आणि माझ्याकडे जाडजूड शब्दकोश होता.

“टीचर, ह्यानं पोरगा उंच होईल?” शेजारच्या मार्थाकाकूंनी एकदा विचारलं.

“उंची बापाकडून येते, काकू. बाटलीतून नाही.”

“बाप तर माझ्या खांद्याला लागतो! मग बाटलीच बरी.”

असं चालायचं. मी सांगायची — ग्लुकोज ही साखरच आहे, मधुमेहाच्या माणसाला शक्ती येईल म्हणून देऊ नका. केशरी पुडीत संत्रं नसतं. रंग, साखर आणि आंबटपणा असतो. चॉकलेटी पूड चांगली लागते, मूल तिच्यामुळे दूध पीत असेल तर द्या, पण पोषण दुधात आहे, पुडीने जेवणाची जागा भरून निघत नाही. जे माहीत नसेल त्याला ‘डॉक्टरांना विचारा’ म्हणायची. चुकीचं उत्तर मी दिलं नाही. हे फुशारकीने सांगत नाही. हे तुम्हाला पुढच्यासाठी माहीत असायला हवं.

फिलू पाचूबंदरची, कोळ्यांच्या घरातली. आमचं घर बागायतीचं — केळी, पानवेल. माझा दीर विन्सेंट तिला आपल्या पसंतीने करून घेऊन आला तेव्हा सासूबाई — आम्ही सगळे त्यांना बय म्हणायचो — कित्येक महिने तिच्याशी बोलल्या नाहीत. मग बोलू लागल्या. कसं झालं ते कुणालाच कळलं नाही. फिलूच्या हातचं बोंबलाचं कालवण, फिलूचं मोठ्याने हसणं, माहेरून येताना टोपलीभर मासळी आणून आधी बयच्या पायाशी ठेवणं — काय होतं कोण जाणे. मला बयने पहिल्या दिवसापासून मान दिला. फिलूला तिने जीव लावला. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे मला तेव्हा कळलं.

बयबद्दल आणखी एक सांगायला हवं. माझे सासरे हातभट्टीच्या दारूने गेले. मी त्या घरात येण्याच्या आधीच. त्यांना पुरून आल्यावर बयने दोन्ही मुलांना क्रुसावर हात ठेवायला लावला — या घरात थेंब येणार नाही. आणि आला नाही. नाताळला नाही, लग्नात नाही. दुसऱ्यांच्या मांडवात वाईन फिरू लागली की बय आपल्या पेल्यावर पालथा हात ठेवायची आणि तो शेवटपर्यंत काढायची नाही. दारू हा शब्द ती घरात उच्चारू देत नसे.

फिलूला दिवस गेले आणि तिच्या पोटात काहीच ठरेना. भात नाही, पेज नाही, मासळीचा तर वासही नको — कोळ्याच्या पोरीला! विन्सेंटने मुंबईहून चॉकलेटी पुडीची बाटली आणली. गरम दुधात चमचाभर. ते पोटात राहिलं. हळूहळू तिच्या तोंडावर रंग आला. बय स्वतः सकाळ-संध्याकाळ दूध तापवून द्यायची.

ती बाटली माझ्याकडे वाचायला आली नाही. आळीतल्या सगळ्यांच्या बाटल्या आल्या. माझ्याच घरातली आली नाही. मला हे टोचत होतं का? होय. टोचत होतं.

एका दुपारी आम्ही ओट्यावर विड्याची पानं निवडत बसलो होतो — बय, फिलू, मार्थाकाकू, आणखी दोघी-तिघी. सकाळीच मी फिलूला टोकलं होतं. “पाणी म्हण गं, पानी नाही. बाळ तुझं ऐकूनच बोलायला शिकणार आहे.” तिने मान डोलावली होती. दुपारी मार्थाकाकूंनी तिला विचारलं, “बाटली टीचरला दाखवलीस का?”

फिलू म्हणाली, “दवाखान्यातल्या सिस्टरना इचारलं. त्या बोलल्या चांगली हाय. वयनींना कशाला तरास? त्यांना पानी दिलाव तरी आदी गलासावर काय लिवलंय ते वाचतील!”

सगळ्या हसल्या. मार्थाकाकूंच्या मांडीवरची पानं घसरून खाली पडली. बय — जी वर्षातून एखाद्या वेळी हसायची — ती डोळे पुसत हसली. मीही हसले. माझ्याइतकं नीट कुणी हसलं नसेल.

आता मला थोडं थांबू द्या. इथून पुढचं मी मनात इतक्यांदा लिहिलं आहे की हात सवयीने वेगळीकडे वळतो. म्हणावंसं वाटतं, मला राग आला होता. तो ओसरला होता. म्हणावंसं वाटतं, अनवधानाने बोलले. तसं नाही.

संध्याकाळी बय दूध तापवत होती. मी स्वयंपाकघरात गेले तशी तिने बाटली माझ्यापुढे धरली. बहुधा दुपारचं हसणं तिलाच लागलं असावं. मला बरं वाटावं म्हणून तिने ते केलं. आमच्या घरची बोली वेगळी, ती इथे उतरवत नाही. बय म्हणाली, “तू वाचलं नाहीस ना हे? वाच बघू, काय काय आहे यात.”

मी वाचलं. दूध. साखर. कोको. आणि माल्ट.

“माल्ट म्हणजे काय?”

माल्ट म्हणजे मोड आणलेलं धान्य. सातू भिजवतात, मोड आणतात, वाळवतात, दळतात. झालं. त्यात दारू नसते. दारू करायची तर ते पुढे आंबवावं लागतं, ऊर्ध्वपातन करावं लागतं — ती निराळी गोष्ट. बयच्या डोक्यावरच्या फळीवर नाचणीच्या सत्त्वाचा डबा होता. दर वर्षी बय स्वतः नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायची, सावलीत वाळवायची, जात्यावर दळायची. माझ्या मुलाला त्याच सत्त्वावर तिने वाढवलं होतं. ‘बय, हे आपल्या नाचणीच्या सत्त्वासारखंच’ — एवढं एक वाक्य. ते माझ्या ओठावर तयार होतं. मला शब्दकोशही उघडावा लागला नसता.

मी म्हणाले, “ज्याची दारू करतात ते.”

त्यात खोटा शब्द एकही नाही. बघा तुम्ही. सातूच्या माल्टपासून दारू करतात हे खरंच आहे. द्राक्षांपासूनही करतात, गुळापासूनही करतात, आणि बय गूळ रोज खात होती. मी खरे शब्द निवडून खोटं बोलले. अशिक्षित माणसाला हे जमलं नसतं.

बयने फिलूला हाक मारली. विन्सेंट घरातच होता, तोही आला. तो म्हणाला, “बय, दुकानात उघड विकतात हे.”

“तुझा बाप प्यायचा तेही कुणीतरी विकतच होतं.”

“वहिनी, तुम्ही सांगा ना तिला!”

मी म्हणाले, “मी फक्त लिहिलंय ते वाचलं.”

बय फिलूवर ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने हळू आवाजात विचारलं, “पोटातल्या पोराला पाजलीस?” फिलू माझ्याकडे बघत होती. तिला वाटत होतं की मी आणखी काही बोलेन. मग ती धावत मागच्या दाराने विहिरीकडच्या दगडावर गेली, आणि घशात बोटं घालून ओकायला लागली. सकाळचं, कालचं, आठवड्यांमागचं — सगळं बाहेर काढायचं होतं तिला. मी खिडकीत उभी होते. मी जाऊन तिची पाठ चोळली. हो, तेही केलं.

बयने पूड केळीच्या आळ्यात ओतली. दुसऱ्या दिवशी तिथे मुंग्यांची रांग लागली. बाटली मात्र धुऊन ठेवली. चांगली काचेची, झाकणाची बाटली कोण टाकणार? तिच्यात मसाला भरला. त्या बाटलीतला मसाला मी पुढे कित्येक वर्षं कालवणात घातला.

तुम्ही विचाराल — एवढ्याशा थट्टेसाठी? हो. एवढ्याशा थट्टेसाठी. याहून मोठं कारण माझ्याकडे नाही, आणि मी ते शोधणारही नाही.

पण मला जे सांगायचं आहे ते हे नव्हे. हे एका संध्याकाळचं झालं. दुसऱ्या दिवशी मी ते निस्तरू शकले असते. जे सांगायचं आहे ते नंतरचं.

फिलूला मुलगी झाली. रिटा. बारीक, पण सगळं अंग धड. चालायला उशीर झाला, बोलायला फार उशीर. आळीतली तिच्या वयाची मुलं गाणी म्हणू लागली तेव्हा रिटा बोटाने दाखवायची. डॉक्टर म्हणाले, काही मुलं उशिरा बोलतात, थांबा. त्या चॉकलेटी पुडीचा याच्याशी काही संबंध नाही — ती प्यायल्याचा नाही, आणि ती बंद झाल्याचाही नाही. इतर बायांच्या प्रश्नांना जितक्या खात्रीने उत्तरं दिली, तितक्याच खात्रीने हे सांगते. तशाच पुडी पिऊन आळीत धडधाकट पोरं झाली, आणि कधी न पिताही झाली.

एका सकाळी बावखलावर, म्हणजे आमच्या वाडीतल्या तळ्यावर, आम्ही दोघीच कपडे धूत होतो. रिटा काठावर दगड गोळा करत होती. फिलू मध्येच थांबली. हातातलं लुगडं तसंच पाण्यात राहिलं.

“वयनी, खरा सांगा मना. पोरीची जीभ त्या बाटलीनंच जड झाली ना?”

बघा, कसा प्रश्न होता. मार्थाकाकूंच्या प्रश्नांसारखाच. उत्तर मला पाठ होतं. नाही, फिलू. माल्ट म्हणजे मोडाचं धान्य. मी त्या दिवशी तुझ्यावर रुसले होते. इतकंच. पण तिला पहिला भाग सांगायचा तर शेवटचा सांगावा लागला असता. आणि तो ती बयला सांगणार, विन्सेंटला सांगणार — आणि मग कोण बाटली घेऊन माझ्याकडे येणार?

मी म्हणाले, “आता ते कशाला काढतेस?”

किती मऊ आवाजात म्हणाले! तिच्या खांद्यावर ओला हात ठेवला. त्या वाक्याचा अर्थ ‘हो’ असा होतो, हे तुम्हाला कळतं, तिला कळलं, आणि मला तर बोलण्याआधीच कळलं होतं.

तिने लुगडं पिळलं. त्यानंतर तिने तो प्रश्न मला विचारला नाही.

रिटाचा पहिला स्पष्ट शब्द ‘पानी’ होता. फिलू तिला कडेवर घेऊन आळीभर सांगत फिरली. मला सांगायला आली तेव्हा दारातच थबकली — मी ‘पाणी’ म्हणून सुधारीन अशी वाट बघत. मी सुधारलं नाही. माझा तेवढाच चांगुलपणा.

पुढे मार्थाकाकूंना नातू झाला. त्या तशीच बाटली घेऊन आल्या. मी आधी बाहेर डोकावले, फिलू विहिरीवर आहे याची खात्री केली, दार ओढून घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं — काही वाईट नाही, नाचणीच्या सत्त्वासारखंच. काकूंनी विचारलं, “मग फिलूच्या वेळेला गं?”

“ती बाटली वेगळी होती.”

हे मात्र सरळ खोटं होतं. निवडलेले खरे शब्दही नाहीत. काकूंनी विश्वास ठेवला. टीचरवर कोण ठेवणार नाही?

फिलू दर वर्षी उपासकाळात पापनिवेदनाला जायची, आणि दर वर्षी तेच सांगायची — पोटातल्या पोराला दारू पाजली. मला हे तिनेच सांगितलं, चर्चमधून परत येताना, अगदी साधेपणाने. मी म्हटलं, फादर काय म्हणतात?

“फादर म्हनतान त्यात पाप नाय. पन फादरनी कुठं बाटली वाचलीन? तुमी वाचली.”

त्या वाटेवर दुतर्फा कुंपणं होती, ऊन होतं, आमच्या मागे-पुढे कुणी नव्हतं. याहून सोपी जागा मला मिळाली नसती. मी रोझरीची माळ एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

यंदा ती आजारी पडली. दुखणं रक्ताचं होतं, त्यावर फारसा इलाज नव्हता. हॉस्पिटलात दुपारच्या वेळी मी तिच्याजवळ बसायची, प्रार्थना वाचून दाखवायची. तिला माझं वाचणं आवडायचं. एकदा नर्सने गरम दुधात पूड घालून कप आणला, शक्तीसाठी. बाटली खाटेशेजारच्या कपाटावर ठेवून ती गेली. फिलूने तोंड फिरवलं.

“घे थोडं. नर्सने दिलंय.”

“तुमी वाचली का बाटली?”

एवढ्या वर्षांनी. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. ती खरोखरच विचारत होती. मी ‘चांगली आहे’ म्हटलं असतं तर ती प्यायली असती. तिचा माझ्यावर तेवढा विश्वास होता. आणि मग तिने विचारलं असतं, मग तेव्हाची?

मी म्हणाले, चष्मा घरी राहिला.

चष्मा पिशवीत होता. कप गार होईपर्यंत तिथेच राहिला, त्यावर साय धरली. त्या कपाने ती वाचली नसती, हे मला पक्कं माहीत आहे. ती त्या दुखण्यानेच गेली. पण मी चष्मा काढला असता तर ती दुसरीच बाई होऊन गेली असती — जिने आपल्या मुलीचं काहीही वाईट केलेलं नाही, अशी. ते मी तिला दिलं नाही. तिचं ते होतं आणि मी ते ठेवून घेतलं.

पुरून आल्यावर घरात माणसं होती. कुणीतरी लहान मुलांसाठी चॉकलेटी पुडीचं दूध केलं आणि एक पेला रिटाला दिला — दोन दिवस पोरीच्या पोटात अन्न नव्हतं. आता ती वयात आलेली मुलगी आहे; हळू बोलते, बोलताना थोडी अडखळते, आणि आईसारखी मोठ्याने हसते. तिने पेल्यावर पालथा हात ठेवला. बयसारखा. बयला जाऊनही आता काळ लोटला, रिटाने तिला तसं करताना धड पाहिलंही नसेल.

“आम्हाला चालत नाही ते,” ती म्हणाली. “आईनं चुकून घेतलेलं. मी पोटात होते तेव्हा. म्हणून मी अशी.”

असं म्हणाली. आळीतल्या बायांसमोर, शांतपणे, कुणी आपलं नाव-गाव सांगावं तसं.

त्याला आता महिना झाला. हा महिना मी लिहीत होते. एवढंसं लिहायला महिना का लागला? रिटा वाचते, पण सावकाश, शब्दाखाली बोट धरून. लांब वाक्यात ती हरवते. म्हणून मी वाक्यं पुन्हा पुन्हा तोडली, जड शब्द काढले. एक ‘ऊर्ध्वपातन’ राहिला आहे, तो मी तिला समजावून सांगेन. तुम्ही हे वाचत असाल तेव्हा तिने ते आधी वाचलेलं असेल.

उद्या सकाळी ती पानं निवडायला आमच्या ओट्यावर येईल. मी हे तिच्या हातात देईन आणि समोर बसेन. तिचं वाचून होईस्तोवर उठणार नाही. मधल्या एका ओळीवर तिचं बोट थांबेल, आणि तिची सवय आहे तशी ती मान वर करून विचारेल — माल्ट म्हणजे काय?

उत्तर मला पाठ आहे. ते तेव्हाही पाठ होतं.